मागे ओढणारा घोडा: गाठ सगळ्यांत शेवटी

माझी घोडी सावळी घरी आली तेव्हा तिच्या कानांमागे बोटभर रुंदीचा पांढऱ्या केसांचा पट्टा होता. विकणाऱ्याने "जन्मखूण आहे" म्हणून सांगितलं आणि मीही मान डोलावली. तिसऱ्या आठवड्यात नालबंद आला. कडुनिंबाच्या बुंध्याला नायलॉनच्या दोराने घोडी बांधली, त्याने पहिल्या खिळ्यावर हातोडी मारली आणि सावळीने मान वर केली. मान वर, मग पुठ्ठे (मागचा भाग) खाली, मग अख्खं धड मागे. मोरखीचा, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्यांच्या साजाचा, पितळी हूक तुटून शेडच्या पत्र्यावर असा आदळला की शेजारच्या वस्तीवरची कुत्री भुंकायला लागली. घोडी पुठ्ठ्यांवर बसली, उठली आणि दहा पावलांवर जाऊन गवत खाऊ लागली. नालबंदाने हत्यारं पिशवीत भरली. "आधी हिला उभं राहायला शिकवा, मग मला बोलवा. तोवर नाल तुमच्याकडंच ठेवा."

ती जन्मखूण नव्हती. कातडीला पुन्हापुन्हा मार बसला की तिथले केस पांढरे उगवतात. खोगिराखाली पाठीवर दिसतात तसेच. यात्रेत घोडा बघताना दात बघता, टाप ऐकता, चाल बघता. तसा एकदा मोरखीचा वरचा पट्टा सरकवून कानांमागेही बघा. आणि मालकाला तुमच्यासमोर घोडा खांबाला बांधून पाच मिनिटं लांब जायला सांगा. तो टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालंच.

घोडा मागे का ओढतो

"ताकद दाखवतोय" असं लोक म्हणतात. तसं नसतं. घोडा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे, आणि अंगावर दाब आला की त्याच्या उलट जोर लावणं ही त्याची उपजत सवय. कानांमागे पट्ट्याचा दाब आला की तो डोकं वर करतो. डोकं वर केलं की दाब वाढतो. वाढला की तो मागे सरतो, आणि दोर संपला की आपण सापडलो असं त्याला वाटतं. तिथून पुढे विचार संपतो. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर मागच्या पायांवर बसून ओढतं तेव्हा मोरखी, हूक, दोर आणि खांब यांतलं जे कच्चं असेल ते तुटतं.

तुटताक्षणी दाब जातो, आणि घोडा नेमकं तेच शिकतो: जोर लावला की सुटका होते. दाब कधी संपला यावरूनच घोडा शिकतो, चांगलं आणि वाईट दोन्ही. पहिल्यांदा तो भीतीने ओढतो. दहाव्यांदा सवयीने. सवयीचा घोडा ओळखता येतो: डोळे पांढरे न करता सावकाश मागे झुकतो, दोर ताणतो, एक हिसका देतो आणि मोकळा झाला की चरायला लागतो. दोघांवर उपाय एकच आहे, पण सवयीच्या घोड्याला वेळ कितीतरी जास्त लागतो.

आपल्याकडे आणखी एक कारण सापडतं. जुन्या पागांमध्ये घोडा अगाडी-पिछाडीवर असायचा: डोक्याचे दोन दोर पुढच्या दोन खुंट्यांना आणि मागच्या पायांचा दोर मागच्या खुंटीला. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही असे बांधलेले घोडे दिसतात. असा घोडा आपण घरी आणतो, पिछाडी काढून टाकतो आणि नुसतं तोंडाने खांबाला बांधतो. आपल्या लेखी आपण त्याला मोकळीक दिली. मागे काही अटकाव नाही आणि कानांमागे दाब आला तर करायचं काय, हे मात्र त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणजे शिकवायचं एवढंच: कानांमागे दाब आला तर पुढे ये, डोकं खाली घे, दोर सैल होईल. हे अंगवळणी पडेपर्यंत घोडा पक्का बांधायचा नाही. हा लेख बांधण्याबद्दल असला तरी गाठ शेवटी येईल.

सुरू करण्याआधी

दुखणं बघून घ्या. कानांमागे जखम, मानेत आखडलेपणा, दातांना धारदार कडा, डोळ्याचा त्रास यांपैकी काहीही असेल तर आधी पशुवैद्य. पावसाळ्यानंतर कानांच्या आत आणि पट्ट्याखाली गोचिडी हमखास असतात. ज्या घोड्याने आधी जोरात ओढलेलं आहे, विशेषतः जो उलटा पडलेला आहे, त्याची मान डॉक्टरांकडून तपासून घ्याच. उलटं पडून माथा जमिनीवर आपटला की कवटीच्या तळाचं हाड मोडू शकतं. घोडा त्यात जातो.

सामानात पहिली मोरखी. रुंद पट्ट्याची, नाकावरचा पट्टा गालाच्या हाडाच्या दोन बोटं खाली, आत दोन बोटं सहज जावीत इतकी सैल. बारीक दोरीची मोरखी हातात धरून काम करायला चांगली, पण तिने घोडा बांधू नका. ती कापते आणि तुटत नाही. दोर सुती, अंगठ्याएवढा जाड, सात मीटर लांब. नायलॉनचा दोर सरकताना तळहात भाजून काढतो. हातमोजे, जाड बूट, डोक्यावर हेल्मेट. कमरेला धारदार चाकू, शोभेचा नव्हे. दोराचा वेढा हाताला किंवा बोटांना कधीही घ्यायचा नाही. लांबीच्या घड्या करून मुठीत धरायच्या. बोटं गेलेली माणसं या धंद्यात शोधावी लागत नाहीत.

जागा मुरमाची किंवा मातीची, भोवती मोकळी. फरशी आणि सिमेंट नको. सकाळची वेळ, पंधरा-वीस मिनिटं. मुलांना लांब ठेवा आणि गावातल्या सल्लागारांना त्याहून लांब.

डोकं खाली

घोड्याच्या डाव्या बाजूला, खांद्याजवळ उभ्या राहा. एक हात कानांमागे माथ्यावर ठेवा, दुसऱ्या हातात हनुवटीखालचा दोर. दोराला खाली हलकासा भार द्या, पिकलेला आंबा दाबून बघतो तेवढाच. आणि थांबा. घोडा डोकं वर करेल. भार तेवढाच ठेवून हात त्याच्याबरोबर वर जाऊ द्या. वाढवू नका, सोडूही नका. कधीतरी डोकं बोटभर खाली येईल. त्या क्षणी दोन्ही हात मोकळे.

तो क्षण म्हणजे अख्खा धडा. एक-दोन सेकंद उशीर झाला तरी घोड्याला कळत नाही की नेमकं कशाबद्दल सुटका मिळाली. सुरुवातीला बोटभर खाली पुरे, मग वीतभर, मग नाक गुडघ्यापर्यंत. सावळीला पहिल्या दिवशी तेरा मिनिटं लागली आणि तेवढ्या वेळात माझा खांदा भरून आला. चौथ्या दिवशी दोर बोटाने हलवला की नाक खाली.

हे दोन्ही बाजूंनी करा. घोड्याला डावीकडून शिकवलेलं उजवीकडून आपोआप येत नाही.

पुढे येणं, आणि पुठ्ठा बाजूला नेणं

आता घोड्याच्या तोंडासमोर नाही, तर समोरून थोड्या तिरक्या उभ्या राहा. बरोब्बर कपाळासमोर घोड्याला नीट दिसत नाही, आणि उसळून तो पुढे आला तर पहिल्या तुम्ही. दोरातला ढिलेपणा काढून हलका ताण धरा. घोड्याचं वजन पुढे झुकलं, पाय उचलला नसला तरी, ताण सोडा. पुढच्या वेळी एक पाऊल. मग दोन.

तो मागे गेला तर? तुम्हीही त्याच्याबरोबर चाला, ताण तेवढाच ठेवून. नवखा माणूस इथे हमखास दोनपैकी एक चूक करतो: टाचा रोवून रस्सीखेच खेळतो, किंवा घाबरून दोर सोडतो. पहिलीत हरणं ठरलेलं, दुसरीत तर घोड्याला बक्षीसच दिलं. चालत राहा, तो थांबेल. थांबला की एक श्वास घ्या, पुन्हा पुढे यायला सांगा, आणि आला की सोडा.

दिवसाला तीस-चाळीस वेळा, वेगवेगळ्या जागी. गोठ्याच्या दारात, पाण्याच्या टाकीजवळ, बैलगाडीशेजारी. ताण जाणवताच घोडा विचार न करता पुढे यायला लागला की हे पाठ झालं म्हणायचं.

याच्या जोडीला पुठ्ठा बाजूला सरकवायला शिकवा. दोर जरा आपल्याकडे घेऊन, कुशीच्या मागे बोटांनी दाब. मागचा पाय आडवा पडला की दाब बंद. हे कशाला, असं वाटेल. पण ओढण्यासाठी घोड्याला दोन्ही मागचे पाय सरळ रेषेत रोवावे लागतात. पाय आडवे टाकायची सवय असलेला घोडा घाबरला तरी बाजूला फिरतो, आणि फिरला की दोर आपोआप सैल होतो. माझ्या मते निम्मं काम इथे होतं, आणि सगळ्यांत जास्त वगळला जाणारा भागही हाच.

खांब, पण गाठ नाही

खांब पक्का हवा, जमिनीत नीट गाडलेला. कुंपणाची आडवी फळी, फाटक, उभी असलेली मोटारसायकल, बांबू, हे काही चालणार नाही. फळी उखडून मागे लागलेला घोडा मी पाहिलाय. फळी त्याच्या पायांवर आपटत होती आणि तो तिच्यापासूनच पळत होता. खांबावरची दोराची कडी, घोड्याची मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्याच्या उंचीवर किंवा जरा वर असावी. कडी खाली असली की घोड्याला मान वर करून जोर लावायला उलट सोय होते, शिवाय पुढचा पाय दोरात अडकतो.

सात मीटरचा दोर कडीतून फक्त ओवून घ्या. गाठ नाही. टोक तुमच्या हातात. तुम्ही बाजूला, खांद्याच्या रेषेत, घोड्यापासून दोन-अडीच मीटर लांब. घोडा आणि खांब यांच्यामध्ये कधीही नाही. कडीपासून घोड्यापर्यंत हातभर मोकळा दोर सोडा.

आता घोड्याला एकटं उभं राहू द्या. तो मागे सरला की दोर तुमच्या मुठीतून घासत सरकू द्या. एकदम मोकळा नाही, एकदम घट्टही नाही. त्याला दाब जाणवतो, पण भिंत लागत नाही. बहुतेक घोडे दोन-तीन मीटर मागे जाऊन गोंधळतात: ओढतोय तर तुटत नाही आणि अडकतही नाही. थांबला की तुम्हीही थांबा. नाकातून फुरफुरला, मान थोडी उतरली की हलका ताण देऊन पुढे बोलवा, आणि आला की दोर सैल. ओरडणं नाही, चाबूक नाही, "शाब्बास"चा गजरही नाही.

पहिल्या दिवशी सावळी सहा वेळा मागे गेली. सहाव्या वेळी जेमतेम दोन पावलं. तिथेच मी तिला सोडलं, जरी अजून एकदा करून बघायचा मोह होता. चांगल्या पावलावर थांबता येणं हे घोड्यापेक्षा माणसालाच शिकायला अवघड जातं.

काही दिवसांनी कडीला दोराचा एक पूर्ण वेढा घ्या. घर्षण वाढतं, मुठीत कमी जोर लागतो, दोर तरीही सरकतो. पुढे दोन वेढे. या टप्प्यावर खरारा करा, खूर उचला, तोबरा (तोंडाला अडकवायची दाण्याची पिशवी) लावा. बांधलेल्या घोड्याच्या आयुष्यात जे जे घडतं ते सगळं इथे, दोर सरकता असताना घडू द्या.

मुद्दाम बिचकवणं

शांत घोडा शांत दिवशी उभा राहतो, त्यात काही सिद्ध होत नाही. तुमच्या घोड्याला नेमकं काय बुजवतं त्याची यादी करा. सावळीची यादी: हातोडीचा आवाज, छत्री, तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) कसणं, मागून येणारा ट्रॅक्टर. दुसऱ्या कुणाला तरी मदतीला घ्या आणि यादीतली सगळ्यांत सौम्य गोष्ट सगळ्यांत लांबून सुरू करा. आम्ही हातोडीने आधी वीस पावलांवरच्या दगडावर ठोकलं. कान वळले, पाय हलले नाहीत, ठोकणं थांबलं. मग पंधरा पावलं. आवाज घोडा शांत झाल्यावर थांबवायचा, तो नाचत असताना नाही. नाहीतर नाचलं की आवाज जातो हा नवाच धडा तो घेईल. आणि नाचतोय म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. पुढच्या वेळी मागे सरका.

तंगाचं वेगळं सांगते. बांधलेल्या घोड्याचा तंग एका दमात करकचून ओढला की भलेभले घोडे मागे बसतात. तंग तीन टप्प्यांत, मध्ये घोड्याला चार पावलं चालवून. आणि लगामाने घोडा कधीच बांधायचा नाही. त्याने ओढलं तर तोंडातली कडी जीभ आणि जबडा फाडते.

आता गाठ

दोन वेढ्यांवर घोडा रोजच्या कामांत आठवडा-दोन आठवडे एकदाही ताठ ओढला नाही, तर बांधायला हरकत नाही. कडीला सुतळीचा लहानसा फेरा बांधा आणि दोर त्या फेऱ्याला. कडीला थेट नाही. घोडा खरोखर घाबरून बसला तर आधी सुतळी तुटावी, मान नव्हे. तुम्हाला सांगणारे भेटतील की तुटणाऱ्या सुतळीने घोड्याची खोड पक्की होते. बरोबर आहे, अर्धवट शिकवलेल्या घोड्याची होतेच. म्हणूनच सुतळी इतक्या उशिरा आली. पण सुतळी जाड काथ्याची किंवा प्लास्टिकची नको. आपल्या अंगाचा भार टाकून आधी तोडून बघा.

गाठ सुरगाठ. निरगाठ ताणाखाली आवळते आणि मग दातांनीही सुटत नाही. सुरगाठीचं मोकळं टोक खेचलं की एका झटक्यात सुटली पाहिजे. कोरडा, ओला, चिखलाचा, असा प्रत्येक दोर घेऊन अंधारात सराव करा. मोकळं टोक फाशात ओवून ठेवायची काहींना सवय असते, कारण हुशार घोडे दातांनी गाठ सोडतात. तसं ओवलं की गाठीचा उपयोग संपला. दोराची लांबी खांबापासून हातभर. त्यापेक्षा लांब सोडला तर पाय अडकतो.

पहिल्यांदा दोन मिनिटं, समोर उभं राहून. मग दहा. मग तुम्ही शेडच्या आड. तुमचं अंतर, वेळ आणि गडबड या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी वाढवू नका.

तरीही ओढलं तर

आधी स्वतः बाजूला व्हा. ताणलेल्या दोराच्या रेषेत उभं राहू नका. तुटला की हूक गोळीसारखा येतो. फाशात बोटं घालू नका. मोकळं टोक हाती येत असेल तर खेचा. नसेल तर लांबून, पुठ्ठ्याच्या तिरक्या बाजूने, लाथेच्या टप्प्याबाहेर राहून जिभेने चुचकारा किंवा हात हलवा. घोडा एक पाऊल पुढे आला की ताण आपोआप जातो. चाकू शेवटचा. दोर कापताना घोडा मागे भेलकांडतो, हे धरून चाला.

त्यानंतर तो दिवस संपला. कानांमागे बघा, मान दोन्हीकडे वळते का बघा, उद्या दोन टप्पे मागून सुरू करा.

जुने उपाय

मोठ्या झाडाला पक्कं बांधून "थकेपर्यंत ओढू दे" हा सगळ्यांत लोकप्रिय. त्याने काही घोडे थांबतात, काहींची मान कायमची जाते, आणि आधी कोणाचं काय होईल ते सांगता येत नाही. सायकलच्या ट्यूबला बांधणं मला पटत नाही. ट्यूब ताणते आणि सुटली की घोड्याला खांबाकडे फेकते, किंवा तुटून त्याच्या तोंडावर येते. मागून चाबूक मारणारा माणूस ठेवणं तर वेडेपणा: पुढे दोर, मागे मार, घोड्याने जायचं कुठे? तो वर जातो.

मात्र एका जुन्या माणसाची पद्धत मला आवडते. माझ्या ओळखीचे एक चाबूकस्वार, म्हणजे घोडे तयार करणारे, नवा घोडा आणला की पहिले आठ दिवस त्याला शांत, वयस्कर घोडीशेजारी उभा करतात. हाती दोर, गाठ नाही. "ती शिकवते, मी पगार घेतो," म्हणतात.

किती दिवस

तरुण, एकदा-दोनदाच ओढलेला घोडा: तीन-चार आठवडे. वर्षानुवर्षं दावं तोडणारा: कित्येक महिने. आणि काही घोडे कधीच पक्के बांधण्यासारखे होत नाहीत. त्यांना आयुष्यभर दोन वेढ्यांवर ठेवा आणि माणसाशिवाय सोडू नका. घोडा विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला ही गोष्ट सांगा.

टेम्पोतून नेताना एक क्रम पाळा: उतरवताना आधी डोक्याचा दोर सोडायचा, मग मागचा फाळका उघडायचा. उलट केलं तर उजेड दिसताच घोडा मागे सरतो, दोर अडतो आणि अरुंद जागेत, फाळक्याच्या कडेवर, तो उलटतो. चढवताना नेमकं उलट: आधी फाळका लावायचा, मग दोर बांधायचा.

नालबंद साडेतीन महिन्यांनी पुन्हा आला. सावळी दोन वेढ्यांवर उभी होती, टोक माझ्या मुठीत. पहिल्या खिळ्याला तिची मान वर गेली, दोर वीतभर सरकला, आणि ती स्वतःच एक पाऊल पुढे आली. चारही नाल झाले. जाताना तो म्हणाला, "हातोडी हिला आता चालते. माझी छत्री मात्र आज मी आत आणली नाही."